थोरलीचा चहा

"आज कात्री हातात घेत न्हाय मी. थोरली आलीया."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईच्या ब्लाउजचं कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होते. बोलणाऱ्या गोदाकाकू शिलाई मशीनमागे बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच्या गिऱ्हाईक बाईंनी जराही आश्चर्य न दाखवता आपली पिशवी काउंटरवर ठेवली, "बरं, मग परवा येते," म्हणाल्या, आणि जाता जाता मशीनशेजारच्या स्टुलाकडे बघून मान हलवली. ओळखीचं कुणीतरी तिथे बसलेलं असावं, तशी.

स्टुलावर कुणीच नव्हतं. चहाचा एक कप होता, बशीने झाकलेला.

मला अनोळखी ठिकाणी उभं राहायला अवघड वाटतं, म्हणून मी कप उचलून बाजूला ठेवायला आणि बसायला गेले. "तितं नको गं," काकू म्हणाल्या. "तिचा चहा हाय." मी पटकन सॉरी म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की ते मी स्टुलाला म्हटलं होतं.

आम्ही त्या गल्लीत राहायला येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. सोलापुरात नवी पेठेतल्या कापड दुकानांच्या मागची ती गल्ली. वर आमचं घर, समोर खाली गोदाकाकूंचं दुकान. पुढे दुकान, मागे त्यांची एक खोली. ब्लाउज, फॉल-पिको, अस्तर, परकर. वय साठीच्या पुढे, अंगाने काडी आणि आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत. माहेर वळसंगचं, आणि तिथली बोली त्यांनी शहरात येऊनही सोडलेली नव्हती. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. घरात माणूस एक, पण चहा दोन कप व्हायचा.

थोरली कोण हे मला आईकडून कळलं आणि आईला गल्लीकडून. लक्ष्मीला एक थोरली बहीण आहे. ती ज्या घरात शिरते तिथे भांडणं, मत्सर, कुरकुर. म्हणून दिवाळीत पाडव्याच्या पहाटे बायका घर झाडून केर बाहेर काढतात आणि सूप बडवत तिला गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून देतात. गोदाकाकूंनी तिला ठेवून घेतलं होतं. स्वतःला राग आला, कुणाचं चांगलं बघून पोटात दुखलं, कुणाचं वाईट व्हावं असं वाटलं, की त्या सरळ जाहीर करायच्या, थोरली आलीया. आणि तिला चहा द्यायच्या.

"लक्ष्मीचीच बहीण हाय की ती," त्यांचं म्हणणं. "एकीला पाट आन् दुसरीला झाडू? हे कुटलं वागणं?"

मी घरूनच काम करते. लॅपटॉप खिडकीशी असतो आणि खिडकीतून समोरचं दुकान दिसतं, त्यामुळे कंपनीच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी गोदाकाकूंचा पुष्कळ अभ्यास केला. माझ्या शाळेत सिस्टर सांगायच्या की गुड गर्ल्स डोंट गेट अँग्री. ते मी फार मनावर घेतलेलं. त्यामुळे समोर एक बाई भर दुकानात आपला मत्सर बोलून दाखवते आणि तिचं काहीही बिघडत नाही, हे बघताना सर्कशीत उंच दोरीवर चालणाऱ्या माणसाकडे बघावं तसं मला व्हायचं. आता पडेल, आता पडेल. पण त्या पडत नव्हत्या.

एकदा एका बाईंनी मुलाच्या लग्नातली पैठणी फॉलला आणली. काकूंनी ती मांडीवर उलगडली, पदर उलटा करून मागची बाजू बघितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "लई जळली बघा थोरली. मला मेलीला असलं पातळ जन्मात मिळालं न्हाय. ठिवा हितं. दोघी मिळून लावतो फॉल." मला वाटलं, आता ती बाई साडी उचलून निघून जाणार. ती हसली, खाली बसली आणि साडीची किंमत, सून, व्याही अशी सगळी तक्रार करत तासभर बसली. जाताना हलकी होऊन गेली.

काकूंच्या समोरच्या ओळीत एका तरुण टेलरने नवं चकचकीत दुकान थाटलं. काचेचा दरवाजा, आत पुतळे. उद्घाटनाला गोदाकाकू पेढे घेऊन गेल्या आणि त्याच्या हातात पुडा देत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "थोरलीला वाटतंय तुजं दुकान बुडावं. मला तसं वाटत न्हाय. पर ती माज्याच घरात ऱ्हाती, म्हणून आधीच सांगून ठिवलं." तो टेलर काही क्षण पेढ्यांकडे संशयाने बघत राहिला. मग स्वतःच एक खाल्ला. पुढे त्याच्याकडे लग्नसराईत काम उतू जायला लागलं की तो मुलींना सांगायचा, समोर काकूंकडे जा, तिथे फसवाफसवी नाही.

याचा अर्थ थोरली म्हणेल तसं काकू वागायच्या असा नाही. उलट तिच्याबाबतीत त्या फार कडक होत्या. ती आली त्या दिवशी कात्री बंद, कारण रागात कापलेलं कापड परत जोडता येत नाही. त्या दिवशी फक्त उसवायचं काम. जुन्या ब्लाउजच्या शिवणी उसवताना त्या तिच्याशी तोंडातल्या तोंडात बोलत असत. मी एकदा धीर करून विचारलं की ती आली तर तुम्हाला भीती नाही वाटत? त्यांनी दोरा दाताने तोडला.

"चहा द्यायचा," म्हणाल्या. "किल्ल्या न्हाय द्यायच्या."

हे त्यांचं सगळं अध्यात्म. तरी प्रवचनाला त्या नियमाने जायच्या. मागल्या श्रावणात जवळच्या देवळात एक बुवा आले होते, विषय होता माणसाचे सहा शत्रू. काम, क्रोध, लोभ वगैरे सगळे मनातून हाकलून द्या, मन रिकामं करा, असं ते रोज सांगत. आईबरोबर एका संध्याकाळी मीही गेले होते. गोदाकाकूंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"म्हाराज, हाकला म्हंता. पर कुटं हाकलायचं?"

बुवा म्हणाले, देवाच्या पायाशी.

"तितं आधीच लई गर्दी झाली आसंल की. समद्यांनी तितंच धाडलंय." देवळात हशा झाला. काकू हसल्या नाहीत, त्या खरंच विचारत होत्या. "आन् माज्या घरातनं हाकललं तर शेजारणीच्या घरात शिरंल. तितल्या लोकास्नी थोरलीची वळख बी न्हाय. माजी माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

बुवांनी हसून विषय पुढे नेला. सप्ताह संपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघितलं तर ते एकटेच दुकानात आलेले. झोळीचा बंद तुटला होता. काकू बंद शिवत होत्या आणि बुवा त्या स्टुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. काहीतरी हळू आवाजात बोलत होते, काकूंशी की स्टुलाशी ते वरून कळत नव्हतं. काकूंनी त्या दिवशी तीन कप चहा केला. मला का कोण जाणे, खिडकीतून मागे सरकावंसं वाटलं. दुसऱ्याच्या देवघरात डोकावल्यासारखं झालं होतं.

माझ्यापर्यंत हे सगळं येईल असं मला वाटलं नव्हतं. मी बघणारी होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, बुवा यायच्या आधी, मला एक स्थळ बघायला आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं चांगली. मी चहा नेला, विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली माझी बहीण सायली मधेच क्लासवरून आली आणि आल्या आल्या मुलाच्या आत्याशी सोलापूरच्या उन्हावरून अशी काही बोलत सुटली की सगळी बैठक हसत उठली. चार दिवसांनी त्या आत्यांचाच फोन आला. धाकटीसाठी विचारू का?

पप्पांनी मला समोर बसवून विचारलं की तुझी काही हरकत? आमच्या घरात अवघड गोष्टी इंग्रजीत बोलायची पद्धत आहे. मी म्हटलं, "आय अ‍ॅम फाइन, पप्पा. रिअली." पप्पांचे डोळे भरून आले. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, आमची मोठी फार समजूतदार.

मुलगा मला आवडला होता असंही नाही. त्याचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. पण सायलीचा फोन वाजला की मी कानाला हेडफोन लावायचे. लहानपणापासून आम्ही दोघी एका खोलीत झोपत होतो. मी रात्रीच्या कॉल्सचं कारण सांगून माझी चादर हॉलमध्ये आणली. ती विचारायची, ताई, हा रंग कसा आहे? मी म्हणायचे, छान. ती विचारायची, तू बरी आहेस ना? मी म्हणायचे, छान. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं होतं. म्हणजे ही तिची या घरातली शेवटची दिवाळी, आणि मी तिच्याशी एक शब्दही खरा बोलत नव्हते.

तिच्या लग्नाचा ब्लाउज गोदाकाकूंकडे टाकायला आईने मलाच पाठवलं. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते. काकूंनी शालूचं ब्लाउजपीस हातात घेतलं, मापाचा जुना ब्लाउज उलटा केला, शिवणी बघितल्या. मग कापडाऐवजी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मोबाइल काढला.

"ह्याचा गळा वाकडा व्हावा असं वाटतंय न्हवं तुला?"

मी म्हटलं, नाही. छे, नाही. तिसऱ्यांदा नाही म्हणताना आवाज फुटला.

त्या हसल्या नाहीत. स्टुलावरचा कप त्यांनी उचलून मशीनवर ठेवला, पदराने स्टूल पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्या स्टुलावर मी कुणालाही बसलेलं पाहिलं नव्हतं. मी बसले. त्यांनी आतून ताजा चहा आणला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"मी बी हाकलत हुते आधी," त्या म्हणाल्या. "लई जोरात."

मग त्यांनी सुलूचं सांगितलं. सुलू त्यांची पाठची बहीण. ती श्रीपूरला दिली, नवरा साखर कारखान्यात कायम नोकरीला, राहायला क्वार्टर, दारात नळ. गोदाकाकूंचा नवरा तेव्हाच अंथरुणाला खिळलेला, आणि त्या लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवत होत्या. सुलूचं सुख त्यांना बघवत नव्हतं आणि बघवत नाही हे त्या स्वतःलाही सांगत नव्हत्या. दर पाडव्याला त्या सूप इतकं बडवायच्या की एका वर्षी त्याची कडा तुटली. सुलूशी गोड बोलायच्या, तिच्यासाठी लाडू न्यायच्या. आपण चांगल्या आहोत अशी त्यांची खात्री होती.

"मला वाटलं, गेली. ती कुटली जाती. माज्याच जिबंखाली जाऊन बसली."

सुलूच्या मुलाच्या बारशाला त्या लाडू घेऊन गेल्या, आणि सगळ्या बायकांसमोर, अगदी हसून, अगदी प्रेमाने त्या बाळाबद्दल एक वाक्य बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. बायका गप्प झाल्या एवढंच सांगितलं. सुलूने बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून तिने काकूंच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

"भांडले आसते तर मिटलं आसतं की. भांडाण दिसतं तरी. ग्वाड बोललेलं कशानं पुसायचं?"

काकू उठल्या आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक गाठोडं काढलं. आत ब्लाउज होते. इरकली काठाचे, साधे, खणाचे, सगळे नवे, हुक लावून घडी घातलेले. दर दिवाळीला त्या सुलूसाठी एक शिवतात. पाठवत नाहीत. माप त्यांच्याकडे आहे ते तिच्या तरुणपणीचं. त्यांनी एक ब्लाउज उलटा करून मला दाखवला. दोन्ही कुशींना, शिवणीच्या आत, हाताच्या चार बोटांएवढं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"आता जाड झाली का वाळली, मला काय ठावं? म्हणून माया जास्ती धरती. उसवलं की बसंल."

मी विचारलं, तुम्ही हे त्यांना का नाही सांगत? त्या टेलरला तर सगळ्यांसमोर सांगितलंत, तुझं दुकान बुडावं म्हणून.

त्यांनी ब्लाउजची घडी घातली, मोडली, परत घातली.

"जळती म्हणायला थोरली येती गं," त्या शेवटी म्हणाल्या. "याद येती म्हणायला कोण येतंय? ते मलाच म्हणावं लागंल. आन् मी लई भित्री हाय."

गाठोडं कपाटात गेलं. शटर वर गेलं. सायलीच्या ब्लाउजचं कापड त्यांनी त्या दिवशी कापलं नाही, आणि परवा ये म्हणाल्या. कुणाची थोरली आली म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही.

पाडव्याच्या पहाटे आईने मला उठवलं. आमच्याकडे केर आई काढते, दिवा धाकटीच्या हातात आणि सूप अन् ते बडवायचं लाटणं मोठीच्या. अंधार अजून पुरता गेला नव्हता. गल्लीत एकेक दार उघडत होतं आणि सूप, ताट, डबा, ज्याच्या हाताला जे लागेल ते वाजत होतं. एका घरातून तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेला सुपाचा आवाज स्पीकरला लावलेला. सगळी गल्ली थोरलीला हाकलत टोकाकडे निघाली होती.

फक्त एक दार तिला आत घ्यायला उघडं होतं. गोदाकाकू धुवट पातळ नेसून उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या रांगोळीतली पावलं घराकडे जाणारी, आणि हातात बशीने झाकलेला कप. शेजारच्या येमूलकाकू थाळी बडवता बडवता थांबून म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी मरमर हाकलायचं आणि हिने घरात घ्यायचं. कसं व्हायचं या गल्लीचं?"

"आता एकटी जाईल कुटं ती ह्या थंडीत?" काकू म्हणाल्या, आणि दाराच्या अजून जरा कडेला सरकल्या, वाट व्हावी म्हणून.

दरवर्षी लोक हसतात म्हणे. मला हसू आलं नाही. एवढ्या आवाजात ती काडीसारखी बाई एकटी उभी होती, सगळ्यांनी घराबाहेर टाकलेलं आत घ्यायला, आणि तिच्या चेहऱ्यावर पाहुण्याची वाट बघतानाचा भाव होता. मला एकदम कळलं की त्या फक्त थोरलीचीच वाट बघत नाहीत. सुलूच्या श्रीपूरची पहिली गाडी सकाळीच येते.

माझं लाटणं थांबलं होतं. पुढे गेलेली आई वळून म्हणाली, चल लवकर. सायली माझ्याशेजारी दिवा हाताने झाकून उभी होती. तिने माझाच जुना स्वेटर घातला होता, बाह्या कोपरापर्यंत ओढून, लहानपणापासून ओढते तशा.

"ताई, वाजव ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, हळूच, "काय झालं?"

माझ्या तोंडात नेहमीची दोन इंग्रजी वाक्यं तयार होती. समोर काकूंनी कपावरची बशी काढली. वाफ वर गेलेली मला इथूनही दिसली. मी सूप खाली, केराशेजारी ठेवलं. जे सांगायचं होतं त्याला माझ्या शाळेतला एकही शब्द पुरत नव्हता, म्हणून काकूंचेच घेतले.

"सायली, मी लई जळतीय गं तुझ्यावर," मी म्हटलं. "आणि तुझ्यावाचून मला झोप येत नाही."